गर्भनिरोधक गोळी सुरू करण्यापूर्वी : एक आकडा आणि काही उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गर्भनिरोधक गोळी मिळवणे फारसे अवघड नाही. मेडिकलवर माला-डीचे पाकीट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, सरकारी दवाखान्यात माला-एन मोफत असते आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या घरपोच योजनेमुळे आशाताईही ती दारापर्यंत आणून देतात. अडचण पुढेच आहे. ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून नवरा बहुधा शेजारच्या गावातून किंवा तालुक्याच्या ठिकाणाहून पाकीट घेऊन येतो. दुकानदार त्याला काही विचारत नाही, आणि विचारले तरी बायकोला अर्धशिशी आहे का, तिचा रक्तदाब किती आहे, तिला कधी कावीळ झाली होती का, याची उत्तरे त्याला देता येत नाहीत. गोळी घेणारी स्त्री आणि गोळी देणारा माणूस यांची कधी भेटच होत नाही, आणि म्हणून जे दोन मिनिटांत विचारून व्हायला हवे ते वर्षानुवर्षे विचारले जात नाही.

याच्या अगदी उलट अनुभवही अनेकींना येतो. गोळी हवी म्हणून दवाखान्यात गेल्यावर सोनोग्राफी, रक्ताच्या पाच-सहा तपासण्या आणि आतून तपासणी असे सगळे सांगितले जाते. खर्च आणि संकोच या दोन्हींमुळे ती स्त्री घरी परतते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत नको असताना गरोदर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी स्त्रीला गोळी सुरू करण्यासाठी आतून तपासणी, स्तनांची तपासणी, हिमोग्लोबिन, साखर किंवा यकृताच्या चाचण्या यांपैकी कशाचीही अट नाही. या तपासण्या इतर कारणांसाठी उपयोगी असतीलही, पण त्या झाल्या नाहीत म्हणून गोळी अडवून ठेवणे चुकीचे आहे. रक्तदाब मात्र मोजून घ्यावा, असे त्याच सूचना सांगतात. तेव्हा एक आकडा आणि काही प्रश्नांची खरी उत्तरे एवढेच या गोळीसाठी लागते, पण तेवढे लागतेच. ते कसे मिळवायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : कोणती गोळी हवी आहे ते नक्की करा

काउंटरवर नुसते ‘गोळी द्या’ म्हटले, तर निदान चार वेगवेगळ्या वस्तू हातात पडू शकतात, आणि त्यांतली एकच रोज घेण्याची गर्भनिरोधक गोळी असते. माला-एन आणि माला-डी या त्या प्रकारच्या गोळ्या आहेत. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ पांढऱ्या गोळ्यांमध्ये प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल (हे एक प्रकारचे इस्ट्रोजेन) ही दोन संप्रेरके असतात, तर शेवटच्या सात रंगीत गोळ्या लोहाच्या असतात. पांढऱ्या गोळ्या संपल्या की त्या सात दिवसांत पाळी येते. या प्रमाणातल्या गोळ्यांना चिठ्ठीच्या नियमातून सूट आहे. ड्रोस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरोन असलेल्या गोळ्या मात्र चिठ्ठीवरच घ्यायच्या असतात. मुरुमांसाठी किंवा पीसीओडीसाठी (अंडाशयात गाठी असण्याचा आजार) त्या डॉक्टर लिहून देतात, आणि जावेला किंवा मैत्रिणीला लिहून दिलेले पाकीट पाहून तेच नाव दुकानात सांगण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. असे करू नये, कारण रक्तात गुठळी होण्याचा धोका सर्व गोळ्यांत सारखा नसतो. गोळी न घेणाऱ्या १० हजार स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर असलेल्यांत ती पाच ते सात जणींना होते आणि ड्रोस्पिरेनोनच्या गोळीवर नऊ ते बारा जणींना. हे आकडे लहानच आहेत, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही मोठा असतो. पण पहिल्यांदा गोळी घेणाऱ्या निरोगी स्त्रीने जुन्या, स्वस्त आणि कमी धोक्याच्या गोळीपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी वस्तू म्हणजे संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची दीड मिलिग्रॅमची तातडीची गोळी. ती जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी पडते, पण ती दर महिन्याची सोय नाही. तिसरी म्हणजे पाळी पुढे ढकलण्याची गोळी. कानबाईची स्थापना, घरातले लग्न किंवा सप्तशृंगीच्या गडावरची यात्रा जवळ आली की ही गोळी काउंटरवरून सर्रास नेली जाते. तिच्यात नॉरइथिस्टेरॉन असते. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेल्या तीन दिवसांच्या किंवा आठवड्याच्या गोळ्यांनी गर्भ राहण्यापासून संरक्षण होते असे समजू नये. शिवाय त्या मोठ्या मात्रेत घेतलेल्या नॉरइथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो. त्यामुळे गुठळीविषयीचे जे प्रश्न पुढे दिले आहेत, ते ही गोळी घेणारीलाही तंतोतंत लागू आहेत, आणि ती गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही. चौथी वस्तू म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या. त्या कायद्याने पात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आहेत. मेडिकलवाल्याने परस्पर दिल्या तरी घेऊ नयेत.

सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ ही यांहून निराळी, आठवड्याची गोळी आहे. तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे, कारण ज्या स्त्रियांना माला-एन चालत नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना ती चालते.

दुसरी पायरी : रक्तदाब मोजून घ्या

माला-एनमधल्या इस्ट्रोजेनमुळे काही स्त्रियांचा रक्तदाब थोडा वाढतो. मुळातच वाढलेला रक्तदाब आणि त्यावर इस्ट्रोजेन, असे एकत्र आले तर लकवा आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. पंचवीस-तीस वर्षांच्या बाईचा रक्तदाब वाढलेला असला तरी तिला बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे उत्तर या बाबतीत पुरेसे नाही.

उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आता ज्यांच्या दारावर आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे तिथे रक्तदाब फुकट मोजला जातो. लसीकरणाच्या दिवशी तिथे गर्दी असते. सिस्टर एका हाताने कार्ड भरत असतात, बाळे रडत असतात आणि बाया बाकावर दाटीने बसलेल्या असतात. अशा वेळी चालत आलेल्या बाईचा पट्टा लगेच, ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळला जातो. तो आकडा खरा येत नाही. म्हणून स्वतःहूनच पाच मिनिटे टेकून बसावे, पाय जमिनीवर ठेवावेत, बाही वर सारून पट्टा उघड्या दंडावर बांधायला सांगावे, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवावा आणि मोजताना बोलू नये. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी. पहिला आकडा जास्त आला तर एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजून घ्यावा. घरी दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र असेल तर तेही चालते. मनगटावरच्या यंत्रावर मात्र विसंबू नये.

आकडा १४० / ९० च्या खाली असेल तर रक्तदाबाच्या बाजूने गोळीला अडचण नाही. दोन्हींपैकी कोणताही आकडा त्या मर्यादेवर किंवा वर गेला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा आणि तरीही तो तसाच राहिला तर माला-एन किंवा माला-डी सुरू करू नये. १६० / १०० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर ही गोळी घेऊच नये, आणि गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणी रक्तदाब वाढला होता, पण आता तो नेहमीचा आहे, अशा स्त्रीला गोळी घेता येते. ती गोष्ट सिस्टरना सांगावी आणि रक्तदाब अधूनमधून मोजत राहावा. मोजलेला आकडा तारखेसह वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊन गोळी मागवणाऱ्यांना तर हे फार महत्त्वाचे आहे, कारण तिथल्या प्रश्नपत्रिकेत रक्तदाबाचा रकाना असतो आणि यंत्र हाताशी नसले की तिथे १२० / ८० असे लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. पलीकडचा डॉक्टर त्या आकड्यावर विश्वास ठेवून चिठ्ठी लिहितो. रकाना भरता येत नसेल तर तो रिकामा ठेवा आणि आधी जवळच्या केंद्रात जाऊन या.

तिसरी पायरी : या प्रश्नांची उत्तरे स्वतःशी नीट ठरवा

हे प्रश्न कोणी विचारले नाहीत तरी उत्तरे आपणच सांगायची आहेत. नवरा पाकीट आणणार असेल तर त्याच्याजवळ उत्तरे लिहिलेला कागद द्यावा. पण त्याहून चांगले म्हणजे पहिल्या वेळी स्वतः जावे.

सर्वांत जास्त निसटणारा प्रश्न डोकेदुखीचा आहे. ‘डोकं दुखस का?’ असे अहिराणीत विचारले की जवळजवळ प्रत्येक बाई हो म्हणते, कारण उन्हात कापूस वेचताना किंवा केळीच्या बागेत काम करताना डोके दुखणारच. हा प्रश्न तसा नाही. डोके दुखायला लागण्याआधी पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत डोळ्यांसमोर चमकत्या, नागमोडी रेषा येतात का, दिसण्याचा एखादा भाग गायब होतो का, एका हाताला किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला मुंग्या येतात का, बोलताना शब्द अडखळतात का, हे विचारायचे असते. अशी लक्षणे असलेली अर्धशिशी ज्या स्त्रीला आहे, तिने कोणत्याही वयात इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नये, कारण तिला लकव्याचा धोका वाढतो. खान्देशातला उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि डोळ्यांपुढे काही चमकले, हाताला मुंग्या आल्या की घरात ‘ऊन बाधलं’ असे म्हणून कांद्याचा रस किंवा लिंबूपाणी दिले जाते. ती लक्षणे थंडीच्या दिवसांतही येतात का, हे आठवून पाहा. अर्धशिशी असेल, पण अशी पूर्वलक्षणे नसतील, तर गोळी घेता येते की नाही हे वयावर अवलंबून आहे आणि पस्तिशीनंतर त्याबाबत डॉक्टरांना विचारलेले बरे.

दुसरा मोठा प्रश्न बाळाचा. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सव्वा महिन्यानंतर किंवा तीन महिन्यांनी बाई सासरी परतते. नेमक्या त्याच वेळी पाळणा लांबवण्याचा विचार सुरू होतो आणि माला-डीचे पाकीट घरात येते. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा आठवडे ही गोळी अजिबात घेऊ नये, आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंतही सहसा घेऊ नये. तिच्यासाठी छाया, सहा आठवड्यांनंतर अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन, किंवा तांबी हे पर्याय आहेत. बाळ अंगावर पीत नसेल तरी बाळंतपणानंतरचे पहिले तीन आठवडे इस्ट्रोजेन टाळायचे असते, कारण त्या दिवसांत गुठळीचा धोका आधीच वाढलेला असतो.

पायाच्या पोटरीत किंवा फुप्फुसात पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का? आई, बहीण किंवा भावाला तरुण वयात तशी गुठळी झाली होती का? हृदयविकार, लकवा, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार किंवा सध्या सुरू असलेली कावीळ आहे का? मधुमेहामुळे डोळे, मूत्रपिंड किंवा नसांवर परिणाम झाला आहे का? पित्ताच्या खड्यांचा त्रास होतो आहे का? यांपैकी कशाचेही उत्तर हो आले तर स्वतःहून पाकीट उघडू नये, आधी डॉक्टरांशी बोलावे. मोठे ऑपरेशन ठरले असेल आणि नंतर बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावे लागणार असेल, तर गोळी चालू असल्याचे सर्जनला आधीच सांगावे.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीने वयाची ३५ वर्षे पूर्ण झाल्यावर ही गोळी घेऊ नये. हा प्रश्न बायकांना विचारायला लोक संकोचतात, पण सातपुड्यातल्या पाड्यांवर बिडी ओढणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यांना तो विचारलाच पाहिजे. मिस्री आणि तंबाखू यांचा नियम बिडीइतका काटेकोर नाही. तरीही त्यांच्याबद्दल सांगावे.

चालू औषधांचा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे, तसेच फिटसाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटॉन या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो आणि रोज गोळी घेऊनही गर्भ राहू शकतो. टीबीचा कोर्स चालू असताना अंतरा किंवा तांबी हा पर्याय विचारावा. छायाही अशा वेळी देत नाहीत.

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील आदिवासी समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनची गोळी स्वतःहून सुरू करू नये. तिच्यासाठी इस्ट्रोजेन नसलेल्या साधनांचा आधी विचार करतात आणि तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर ते कार्ड सोबत न्यावे. आपण नुसत्या वाहक आहोत की आजारी आहोत, हे त्यावरून कळते, आणि दोन्हींमध्ये फार फरक आहे.

वजन जास्त असणे, पाळी अनियमित असणे, अंगात रक्त कमी असणे ही गोळी नाकारण्याची कारणे नाहीत. उलट रक्तस्राव कमी होत असल्याने रक्तक्षय असलेल्या बाईला गोळीचा थोडा फायदाच होतो.

शेवटचा प्रश्न, आत्ता गरोदर तर नाही ना? त्यासाठी नेहमी चाचणी लागत नाही. पाळी सुरू होऊन सात दिवसांहून कमी झाले असतील, किंवा गेल्या पाळीपासून संबंध आलेला नसेल, किंवा निरोध अथवा दुसरे साधन नियमित आणि नीट वापरले असेल, तर गर्भ नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. यांतले काहीच लागू नसेल तर लघवीची चाचणी करावी. तीही उपकेंद्रावर होते.

चौथी पायरी : गोळी मागताना काय बोलावे

सरळ आणि थोडक्यात बोलावे. ‘सिस्टर, मला माला-एन सुरू करायची आहे. माझा रक्तदाब मोजून द्या. मला अर्धशिशी नाही, बाळ आठ महिन्यांचे आहे, कोणतीही गोळी चालू नाही,’ एवढे बोलले की काम होते. सज्ञान स्त्रीला गोळी घेण्यासाठी नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. कोणी तशी मागितली तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे, आणि तरीही अडवले तर त्या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावे. आतून तपासणी किंवा सोनोग्राफी सांगितली तर ती कशासाठी, असे विचारावे. पोटात दुखणे, पाळीच्या मधेच रक्त जाणे अशी काही तक्रार असेल तर त्या तपासणीला अर्थ आहे आणि ती जरूर करावी. पण गोळीसाठीच म्हणून सांगितली असेल, तर आरोग्यसेविकेकडून रक्तदाब मोजून गोळी घेणे हा योग्य आणि सुरक्षित मार्ग आहे. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर विचारता येते.

आशाताई गावातल्याच असल्यामुळे घरी बातमी जाईल, ही भीती अनेक तरुण सुनांना वाटते आणि ती निराधार नाही. आशाताईंना ‘हे आपल्या दोघींतच राहू द्या’ असे स्पष्ट सांगावे. बहुतेक जणी ते मनापासून पाळतात. तरीही मन तयार होत नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावे, तिथे ओळख कमी असते.

पाचवी पायरी : सुरुवात आणि विसरलेल्या गोळ्या

पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली पांढरी गोळी घेतली तर तिचा परिणाम लगेच धरता येतो. त्यानंतर केव्हाही, गर्भ नाही याची खात्री करून, सुरू करता येते. मात्र तेव्हा पहिले सात दिवस सोबत निरोध वापरावा. गोळी रात्रीच्या जेवणानंतर रोज ठरलेल्या वेळी घ्यावी, म्हणजे मळमळ कमी जाणवते. पाकिटावरच्या बाणांच्या दिशेने जावे आणि २८ गोळ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे. लोहाच्या सात गोळ्या फेकून देऊन ‘पाळी संपली की बघू’ असे करणाऱ्या अनेक जणी नवे पाकीट उशिरा सुरू करतात आणि तिथेच गर्भ राहतो. नीट घेतली तर वर्षभरात शंभरांतल्या एकीलाही गर्भ राहत नाही. पण प्रत्यक्षात गोळ्या चुकत असल्याने हा आकडा शंभरांत सातच्या आसपास जातो.

एक किंवा दोन पांढऱ्या गोळ्या विसरल्या तर आठवताच एक घ्यावी आणि पुढच्या ठरल्या वेळी घ्याव्यात. तीन किंवा जास्त विसरल्या तर आठवताच एक घ्यावी, पुढच्या रोज घ्याव्यात आणि सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा. त्या पांढऱ्या गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करावे. लोहाची गोळी विसरली तर काही बिघडत नाही. गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी. आखाजीला माहेरी जाताना साड्या, बांगड्या, मुलांचे कपडे सगळे आठवणीने पिशवीत जाते आणि पाकीट मात्र सासरच्या कपाटात राहते. आठ दिवस झोके, गाणी आणि पाहुण्यांत निघून जातात. आखाजीसाठी एक वेगळे पाकीट माहेरच्या पिशवीत आधीच ठेवून द्यावे.

छाया : ज्यांना माला-एन चालत नाही त्यांच्यासाठी

छायामध्ये सेंटक्रोमॅन हे औषध असते. ते लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधले आहे आणि त्यात इस्ट्रोजेन नाही. रक्तदाब वाढलेला असेल, अर्धशिशी असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तेव्हा ती उपयोगी पडते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा, पाळी कधीही आली तरी तोच वार धरून घ्यायची. पहिला वार रविवार असेल तर दुसरा बुधवार, सोमवार असेल तर गुरुवार, मंगळवार असेल तर शुक्रवार, असे ते जोडवार पुढे जातात; तीन महिन्यांनंतर पहिला वार तेवढा ठेवायचा. तो वार गावच्या आठवडी बाजाराचा असेल तर लक्षात ठेवायला सोपे जाते.

छायामुळे सुरुवातीला काही महिने पाळी लांबते, आणि तेव्हा घाबरून गोळी सोडून देणाऱ्या पुष्कळ जणी असतात. हे अपेक्षित आहे, सोडू नये. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर मात्र गर्भाची तपासणी करावी. गोळी चुकून सात दिवसांच्या आत आठवली तर ती लगेच घ्यावी, वार तेच ठेवावेत आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त झाले तर पुन्हा आठवड्यातून दोनदा घेण्यापासून सुरुवात करावी. अंडाशयात गाठी असण्याचा आजार, अलीकडे झालेली कावीळ, मूत्रपिंडाचा आजार किंवा क्षयरोग असेल तर छाया देत नाहीत.

पहिले तीन महिने आणि पुढे

पहिल्या दोन-तीन पाकिटांत मळमळ, स्तन दुखणे, मधेच थोडे रक्त दिसणे असे होऊ शकते आणि बहुतेकींचे ते आपोआप थांबते. गोळ्या घेतल्याने पुढे मूल होत नाही, ही समजूत आपल्या घराघरांत आहे आणि तिच्यापायी किती तरी सुनांना गोळी लपवून घ्यावी लागते. ती समजूत चुकीची आहे. गोळी थांबवल्यावर गर्भ राहण्याची क्षमता लवकरच परत येते. अधूनमधून ‘शरीराला विश्रांती’ म्हणून गोळी बंद करण्याचीही गरज नाही. गुठळीचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि काही महिने थांबून पुन्हा सुरू केले की तो काळ पुन्हा येतो.

एका पोटरीत तीव्र वेदना आणि सूज, छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे, पोटात असह्य दुखणे, पूर्वी कधी नव्हती अशी जोराची डोकेदुखी, अचानक धूसर दिसणे, बोलणे अडखळणे, हात-पाय गळाल्यासारखे वाटणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी त्याच क्षणी थांबवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. छातीचा, श्वासाचा किंवा लकव्याचा त्रास असेल तर १०८ ला फोन करावा. तिथल्या डॉक्टरांना गोळी चालू असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. घरच्यांसमोर सांगायला संकोच वाटला तर पाकीट हातात द्यावे. आजाराचा अंदाज बांधताना त्यांना त्या एका माहितीचा फार उपयोग होतो.

तीन महिन्यांनी रक्तदाब पुन्हा मोजावा आणि त्यानंतर वर्षातून निदान एकदा. आकडा १४० / ९० पर्यंत गेला तर गोळी बदलण्याविषयी सिस्टरशी बोलावे. मधल्या काळात टीबीचे किंवा फिटचे औषध सुरू झाले, किंवा अर्धशिशीची ती लक्षणे नव्याने दिसू लागली, तर तिसऱ्या पायरीतले प्रश्न पुन्हा एकदा तपासावेत.

पाकिटे एकदम तीन मागून घ्यावीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या बायांनी होळीला परतेपर्यंतची पाच-सहा पाकिटे निघण्यापूर्वीच आरोग्यसेविकेकडून घ्यावीत आणि त्याच वेळी रक्तदाबही मोजून घ्यावा, कारण तोडीच्या ठिकाणी दोन्हींची सोय होईलच असे नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, चुलीजवळ किंवा खिडकीत पाकीट ठेवू नये. माठाजवळच्या थंड पण कोरड्या जागी, मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावे आणि वापरण्याआधी मुदतीची तारीख पाहावी.